आरोपीच्या पिंजऱ्यातील वेश

निजामाच्या अमदानीत मराठवाड्यातील अदालतीच्या आवारात उभ्या असलेल्या माणसाची पहिली ओळख बहुधा त्याच्या अंगावरील वस्त्रेच करून देत. शेरवानी आणि रुमी टोपी दिसली की तो सरकारी अंमलदार, वकील किंवा निदान शहरात शिकलेला इसम असावा, असे लोक धरून चालत. धोतर, बंडी आणि मस्तकास गुंडाळलेला रुमाल दिसला की तो रयतेपैकी, तारीख विचारण्यास आलेला कुळवाडी किंवा साक्षीस बोलाविलेला गावकरी, हे न विचारताच ठरून जाई. दरबारात तर दस्तार (पगडी) आणि बगलूस (कमरपट्टा) यांचा दंडकच होता. वस्त्र ही जेथे अधिकाराची सनद समजली जात होती, अशा त्या राज्याच्या परभणी जिल्ह्यात 1937–38 च्या सुमारास खादीचा सदरा आणि पांढरी टोपी घातलेला एक तिसराच मनुष्य ठिकठिकाणी दिसू लागला. तो अंमलदारही नव्हता आणि नुसता रयतही नव्हता, आणि म्हणूनच त्याला काय समजावे हा प्रश्न मुन्सफापासून शिपायापर्यंत सर्वांस पडला.

राजकीय खटल्यांचा इतिहास वाचताना आपण आरोपपत्र, जबान्या आणि निकाल यांकडेच लक्ष देतो, आणि ते योग्यही आहे. परंतु ज्या मनुष्याने प्रचलित राज्यव्यवस्थेचा, किंवा त्याहून खोल जाऊन प्रचलित राहणीचाच धिक्कार केलेला असतो, तो पिंजऱ्यात उभा राहिल्यावर कसा दिसतो, याचाही त्या खटल्याच्या भवितव्याशी संबंध असतो. हा संबंध सर्वत्र सारखा नाही. कायद्यात मुरलेल्या न्यायाधीशावर वेशाचा परिणाम होतो तो निराळा, ज्यूरीत बसलेल्या सामान्य गृहस्थांवर होतो तो निराळा, आणि न्यायालयाच्या भिंतीबाहेर उभ्या असलेल्या जनतेवर होतो तो तर या दोहोंच्या अगदी उलटही असू शकतो. माझ्या मते राजकीय आरोपीचा वेश हा प्रायः या तिसऱ्या श्रोतृवर्गासाठी असतो, आणि सरकारलाही हे पक्के ठाऊक असल्यामुळेच कापडाच्या एखाद्या तुकड्यावरून इतका संघर्ष पेटतो.

आपल्याकडील उदाहरण प्रथम घेऊ. निजामी मुलखातील महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन 1937 साली परतूर येथे गोविंदराव नानल यांच्या अध्यक्षतेखाली भरले. परतूर तेव्हा परभणी जिल्ह्यात होते. 1981 साली जालना जिल्हा निर्माण झाला तेव्हा ते तिकडे गेले. सभा भरवावयाची तर ‘गश्ती निशाण 53’ या कुप्रसिद्ध हुकमान्वये पूर्वपरवानगी घ्यावी लागे, आणि परवानगी मिळणे न मिळणे हे अंमलदाराच्या मर्जीवर असे. पुढच्याच वर्षी हैदराबाद स्टेट काँग्रेस स्थापन होण्याच्या बेतात असतानाच, ती जातीय संघटना आहे असे कारण दाखवून, सरकारने तिजवर बंदी घातली, आणि 24 ऑक्टोबर 1938 रोजी सत्याग्रहास प्रारंभ झाला. पहिल्या तुकडीचे नेतृत्व नानलांनीच केले आणि त्या तुकडीत तेलंगणाचे रावी नारायण रेड्डीही होते. याच सुमारास आर्य समाज आणि हिंदू महासभा यांचेही सत्याग्रह निजामाविरुद्ध उभे राहत होते, त्यामुळे एकाच कालखंडात, एकाच सरकारच्या तुरुंगांत, तीन भिन्न उद्देशांची माणसे लोटली जाऊ लागली. आणि दुरून पाहणाऱ्यास त्यांच्यातील भेद कळणे दुष्कर झाले. 24 डिसेंबर 1938 रोजी स्टेट काँग्रेसने महात्मा गांधींच्या सल्ल्यावरून आपला सत्याग्रह स्थगित केला, त्यामागे आपली राजकीय मागणी धार्मिक मागण्यांत मिसळली जाऊ नये ही चिंता मोठी होती.

या चिंतेस एका व्यक्तीच्या रूपाने दृश्य आकार मिळाला होता, असे मला वाटते. ती व्यक्ती म्हणजे स्वामी रामानंद तीर्थ. पूर्वाश्रमीचे व्यंकटेश भगवानराव खेडगीकर हे संन्यास घेतलेले, अंगावर भगवी वस्त्रे धारण करणारे पुरुष होते, आणि मुसलमान राजाच्या राज्यात जबाबदार राज्यपद्धतीची मागणी करणाऱ्या संघटनेचे ते अग्रणी झाले. सरकारच्या दृष्टीने पाहिले तर बंदीहुकमातील आरोपाचा पुरावा जणू स्वतःच चालत आला होता: संघटनेचा पुढारी भगव्या कफनीत आहे, मग ती जातीय नाही तर काय? परंतु मराठवाड्याच्या खेड्यांतील माणसाला त्याच वस्त्रांत अगदी निराळा अर्थ दिसत होता. ज्याने घरदार, मिळकत आणि नाव यांवर पाणी सोडले, त्याला कोणते आमिष दाखविणार आणि कशाची जप्ती करणार, असा तो अर्थ होता. वारकऱ्यांच्या आणि नाथांच्या परंपरेत वाढलेल्या या प्रदेशास तो समजावून सांगण्याची गरज नव्हती. स्वामीजींचे राजकारण आयुष्यभर धर्मातीत राहिले, त्यांचे सहकारी सर्व जातिधर्मांचे होते, आणि तरीही त्यांच्या वस्त्रांचा रंग त्यांच्या विचारांच्या आधी पोचत असे. आजही त्यांच्या कार्याची चर्चा निघाली की काहीजण त्या रंगावरूनच निष्कर्ष काढतात, याचे मला मनापासून दुःख होते. 15 ऑगस्ट 1947 च्या पहाटे, जेव्हा उर्वरित देश स्वातंत्र्याचा उत्सव करीत होता, तेव्हा निजाम सरकारने त्यांना कैद केले. मधला अल्प काळ वगळता 17 सप्टेंबर 1948 पर्यंत ते तुरुंगातच होते.

निजामी मुलखातून मुंबई इलाख्यात गेलो म्हणजे या प्रश्नास ज्यूरीचे नवे परिमाण मिळते. 1908 साली लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला चालला तो न्यायमूर्ती दावर यांच्यापुढे आणि नऊ ज्यूररांपुढे. त्यांत सात युरोपीय आणि दोन पारशी होते. खटला ‘केसरी’तील मराठी लेखांवर होता आणि ज्यूरीस मराठी येत नव्हते, म्हणून सारा वाद भाषांतरांवर चालला. टिळकांनी स्वतःचा बचाव एकवीस तासांहून अधिक वेळ केला, तरी ज्यूरीने सात विरुद्ध दोन मतांनी त्यांना दोषी ठरविले आणि सहा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा झाली. ज्यांना लेख वाचता येत नव्हते, त्यांना लेखक मात्र दिवसचे दिवस डोळ्यांसमोर दिसत होता. आणि पगडी, अंगरखा, उपरणे या वेशातील पुणेरी ब्राह्मण म्हणजे मुरलेला कारस्थानी, ही समजूत तत्कालीन आंग्ल लेखकांनी, व्हॅलेंटाइन चिरोल हे पुढे त्यांतले अग्रगण्य ठरले, परिश्रमपूर्वक रूढ केली होती. सात मते वेशावरून पडली असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. परंतु भाषा कळत नाही तेथे दर्शन हाच पुरावा होऊन बसण्याचा धोका असतो, एवढे तरी मान्य करावे लागेल.

चौदा वर्षांनी, 18 मार्च 1922 रोजी, अहमदाबादेत महात्मा गांधी न्यायाधीश ब्रूमफील्ड यांच्यापुढे उभे राहिले, तेव्हा तेथे ज्यूरी नव्हती. 22 सप्टेंबर 1921 रोजी मदुरा येथे त्यांनी अंगावर केवळ पंचा ठेवण्याचा निर्णय घेतलेला होता, आणि त्याच पंचात ते न्यायालयात आले. त्यांनी व्यवसाय सांगितला तो शेतकरी आणि विणकर असा. म्हणजे वेश आणि जबानी यांत तिळमात्र अंतर राहिले नाही. ते आत येताच उपस्थित मंडळी उठून उभी राहिली, आणि न्यायाधीशांनी शिक्षा सुनावताना टिळकांच्या शिक्षेचा दाखला देऊन तितकीच, म्हणजे सहा वर्षांची, कैद दिली. त्या न्यायाधीशाचे वर्तन अत्यंत सौजन्याचे होते. तरी शिक्षेत एक दिवसाचीही सूट पडली नाही. पंचाने न्यायाधीशाच्या मनात आदर उत्पन्न केला असेल, पण कलमाचा अर्थ बदलला नाही; बदलली ती देशाची दृष्टी, कारण त्या दिवसानंतर आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहणे ही लज्जेची गोष्ट उरली नाही.

सरकारने या अनुभवातून जो धडा घेतला तो मीरत कटाच्या खटल्यात स्पष्ट दिसतो, आणि त्या खटल्यात मराठी माणसे इतकी होती की त्याकडे आपण अधिक लक्ष द्यावयास हवे होते. 20 मार्च 1929 रोजी देशभर धरपकड झाली. आरोपींत श्रीपाद अमृत डांगे, सच्चिदानंद विष्णू घाटे, एस. एस. मिरजकर, के. एन. जोगळेकर, आर. एस. निंबकर, डॉ. गंगाधर अधिकारी, पुण्याचे वृद्ध डी. आर. ठेंगडी आणि गिरणी कामगार युनियनचे अर्जुन आळवे होते. आणि त्यांच्याच जोडीला स्प्रॅट, ब्रॅडले व हचिन्सन हे तीन इंग्रज होते. आरोप होता बादशहाचे हिंदुस्थानावरील सार्वभौमत्व हिरावून घेण्याच्या कटाचा. बहुतेक आरोपींचे कार्यक्षेत्र मुंबई आणि कलकत्ता, मग खटला मीरतेस का चालविला? कारण मुंबई-कलकत्त्यास तो ज्यूरीपुढे चालवावा लागला असता, आणि सामान्य नागरिकांचा भरवसा सरकारला वाटत नव्हता. मीरतेस केवळ सल्लागार असेसर बसवून भागत होते. ज्यांच्या डोळ्यांवर दर्शनाचा परिणाम होण्याचा संभव, त्यांनाच दूर ठेवण्याचा हा उपाय होता.

सरकारी वकील लँगफर्ड जेम्स यांनी प्रारंभीच्या भाषणात आरोपींचे जे चित्र रंगविले ते देश, देव आणि कुटुंब या तिन्हींच्या शत्रूंचे होते. त्या चित्रातील माणूस कसा दिसावयास हवा होता याची कल्पना श्रोत्यांनी करावी. आणि प्रत्यक्षात पिंजऱ्यात जे बसले होते त्यांत कोणी कोटपाटलोण घातलेला, कोणी धोतर नेसलेला, कोणी गिरणीत राबलेला मजूर, कोणी जर्मनीत रसायनशास्त्र शिकून आलेला पंडित, आणि त्यांच्याच खांद्याला खांदा लावून राज्यकर्त्यांच्याच वर्णाचे तीन तरुण. तुरुंगाबाहेर घेतलेले त्यांच्यापैकी पंचवीस जणांचे एकत्र छायाचित्र प्रसिद्ध आहे. ते पाहिले म्हणजे एखाद्या महाविद्यालयाच्या संमेलनाचा भास होतो. गोरे आणि काळे एकाच रांगेत, एकाच आरोपाखाली बसलेले दिसणे हेच साम्राज्याच्या दृष्टीने सर्वांत अवघड दृश्य होते. इंग्लंडातील कामगार वस्त्यांतून या खटल्यावर एक पथनाट्य होऊ लागले, त्यात नट हातांत काठ्या आडव्याउभ्या धरून तुरुंगाचे गज उभे करीत आणि त्या गजांआडून बोलत. ज्यांना मीरत नकाशावर दाखविता आले नसते त्यांनाही कैदेचे रूप त्यामुळे कळले. जानेवारी 1933 मध्ये न्यायाधीश यॉर्क यांनी सत्तावीस जणांस दोषी ठरविले. ठेंगडी निकालापूर्वीच निवर्तले होते. डांगे, घाटे, जोगळेकर, निंबकर यांस प्रत्येकी बारा वर्षांची शिक्षा झाली, आणि ऑगस्टात अलाहाबादच्या उच्च न्यायालयाने अपिलात शिक्षा पुष्कळच कमी केल्या.

याच काळात लाहोरला भगतसिंग, सुखदेव, आपले खेडचे शिवराम हरी राजगुरू आणि त्यांचे साथी यांचा खटला चालू होता. केस कापलेला, डोक्यावर विलायती हॅट घातलेला भगतसिंग आजही घरोघरी आहे. 21 जानेवारी 1930 रोजी, लेनिनच्या स्मृतिदिनी, हे आरोपी गळ्यांत तांबडे रुमाल बांधून न्यायालयात आले. एका आरोपीने माफीच्या साक्षीदारावर वहाण भिरकावल्यापासून भर न्यायालयात हातकड्या घालण्याचा हुकूम झाला होता, त्यावरून तर मारहाणीपर्यंत मजल गेली होती. पुढे मे 1930 मध्ये विशेष न्यायाधिकरणापुढेही हातकड्यांवरून आरोपींस मारहाण झाली, तेव्हा न्यायाधीश आगा हैदर यांनी त्या हुकमाशी आपला संबंध नसल्याचे लेखी नमूद केले. न्यायाधिकरणाची पुनर्रचना झाली तेव्हा त्यांचे नाव त्यात नव्हते. हातांत लोखंड असले की बेड्या घालण्याजोगा हा मनुष्य आहे असे पाहणाऱ्यास वाटते, निकालाच्या आधीच वाटते. म्हणूनच आरोपी प्राणपणाने त्यास विरोध करीत होते आणि सरकार तितक्याच हट्टाने त्या घालू पाहत होते.

राहणीचाच धिक्कार करणाऱ्यांच्या खटल्याचे आधुनिक काळातील सर्वांत गाजलेले उदाहरण अमेरिकेतील शिकागो येथील होय. व्हिएतनाममधील युद्धाविरुद्ध 1968 च्या ऑगस्टात तेथे निदर्शने झाली, दंगल उसळली, आणि सप्टेंबर 1969 मध्ये आठ जणांवर खटला उभा राहिला. त्यांत ॲबी हॉफमन आणि जेरी रुबिन हे लांब केस राखलेले, रंगीबेरंगी वस्त्रे घालणारे, रूढ सभ्यतेची सर्व चिन्हे मुद्दाम टाकून दिलेले तरुण होते. त्याउलट चौपन्न वर्षांचे डेव्हिड डेलिंजर कोट-टाय घालून येत. आठवे आरोपी बॉबी सील हे कृष्णवर्णीय नेते आपला वकील आपल्याला मिळावा म्हणून आग्रह धरून बोलत राहिले, तेव्हा न्यायाधीश ज्युलियस हॉफमन यांनी 29 ऑक्टोबर रोजी त्यांना खुर्चीस जखडून त्यांच्या तोंडात बोळा कोंबविला. ज्या देशात गुलामगिरीची आठवण अद्याप जिवंत होती, त्या देशाने एका कृष्णवर्णीय आरोपीस साखळदंडात आणि मुक्या अवस्थेत न्यायासनासमोर पाहिले. फेब्रुवारी 1970 मध्ये हॉफमन आणि रुबिन न्यायाधीशांचे काळे झगे घालून आले. झगे उतरविल्यावर आत पोलिसी गणवेशाचे सदरे निघाले.

आता परिणाम पाहा. न्यायालयाच्या अवमानाबद्दल न्यायाधीशांनी स्वतः ज्या शिक्षा दिल्या, त्यांत कोट-टायवाल्या डेलिंजरना एकोणतीस महिन्यांहून अधिक आणि ज्यांच्या केसांची चर्चा साऱ्या जगात चालली होती त्या ॲबी हॉफमनना आठ महिने मिळाले. म्हणजे न्यायाधीशाचा क्रोध वेशाच्या मागोमाग गेलेला नाही. ज्यूरीची गोष्ट वेगळी. खटल्यानंतर त्यांच्यातीलच एका सदस्येने वृत्तपत्रातून उघड केले की काहींच्या मनात आरोपींचे दिसणे, बोलणे आणि राहणे हेच त्यांना दोषी ठरविण्यास पुरेसे होते. अखेर तडजोड होऊन कटाच्या आरोपातून, सील वगळता उरलेले, सातही सुटले आणि पाच जण चिथावणीच्या आरोपावर दोषी ठरले. 1972 साली वरिष्ठ न्यायालयाने तेही निकाल रद्द केले. दोषी ठरल्यावर तुरुंगात या आरोपींचे केस सक्तीने कापले गेले, आणि ते कापलेले केस शेरीफने आपल्या पक्षाच्या सभेत मिरविले. केस कापून शिक्षेत काही भर पडत नाही. ज्यांनी त्या केसांत बंड पाहिले होते त्यांना समाधान मिळते, एवढेच.

आपल्याकडे ज्यूरी आता इतिहासजमा झाली आहे. 1959 साली मुंबईत नौदल अधिकारी नानावटी यांच्यावरील खुनाच्या खटल्यात पदकांनी शोभणाऱ्या शुभ्र गणवेशातील आरोपीस ज्यूरीने आठ विरुद्ध एक मतांनी निर्दोष ठरविले, सत्र न्यायाधीशांस तो निर्णय पटला नाही आणि उच्च न्यायालयाने तो फिरविला. तो खटला राजकीय नव्हता, पण पोशाखाच्या शक्तीची चर्चा त्यानेच आपल्याकडे घरोघरी नेली. ज्यूरी गेली तरी जनता उरलीच. आणीबाणीत, 1976 साली, बडोदा डायनामाइट प्रकरणात दिल्लीच्या न्यायालयात आणलेल्या जॉर्ज फर्नांडिस यांनी साखळी अडकविलेला हात वर उचलला आणि त्या क्षणाचे छायाचित्र घेतले गेले. मुंबईच्या कामगारांनी ज्यांना संपाच्या सभांत पाहिले होते, त्यांना बिहारमधील मुजफ्फरपूरच्या मतदारांनी त्या चित्रात पाहिले, आणि 1977 च्या निवडणुकीत ते तुरुंगातूनच प्रचंड मताधिक्याने निवडून आले. सरकारने साखळी घातली होती ती भयंकर गुन्हेगार दाखविण्यासाठी. लोकांनी वाचले ते निराळे.

कायद्याने या साऱ्याची दखल उशिरा घेतली. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1976 साली असे ठरविले की आरोपीस कैद्याच्या कपड्यांत ज्यूरीपुढे उभे राहण्याची सक्ती करता येणार नाही, कारण निर्दोषत्वाच्या गृहीतकास त्याने बाध येतो. आपल्याकडे 1980 साली प्रेमशंकर शुक्ला यांच्या प्रकरणात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी हातकडी ही प्रथमदर्शनी अमानुष आणि अवाजवी ठरविली. आरोपी पळून जाण्याची वास्तविक भीती असेल तरच, कारणे लेखी नोंदवून, ती घालावी असा दंडक घातला. त्या निकालातील एक भाग मला विशेष मोलाचा वाटतो. पंजाब पोलिसांच्या नियमांत उच्च दर्जाच्या कच्च्या कैद्यांस हातकडीतून सवलत होती आणि सामान्यांस नव्हती; न्यायालयाने हा भेद रद्द केला. शिक्षण, मिळकत आणि राहणीमान पाहून कैद्यांचे अ, ब, क वर्ग पाडण्याची 1930 पासूनची पद्धत ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या निर्णयाचे महत्त्व कळेल: चांगला कोट असलेला मनुष्य कमी पळपुटा असतो, या समजुतीला कायद्यात आता जागा उरली नाही.

परंतु 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या 43 व्या कलमाने सराईत गुन्हेगार, कोठडीतून पळालेले, तसेच दहशतवाद, संघटित गुन्हेगारी, राज्याविरुद्धचे गुन्हे इत्यादी आरोपांतील व्यक्ती यांस अटकेच्या वेळी आणि न्यायालयात हजर करताना हातकडी घालण्याची मुभा पोलिसांस दिली आहे. राज्याविरुद्धचे गुन्हे या शब्दांत राजकीय आरोपी सामावतो. ही मुभा 1980 च्या दंडकाशी कशी जुळवावयाची, लेखी कारणे कोणी तपासावयाची, आणि आरोपीला न्यायालयाच्या पायऱ्या चढविताना टिपल्या जाणाऱ्या चलच्चित्रांचे काय, हे प्रश्न दिल्लीत सुटण्याआधी परभणी, सेलू, जिंतूर, गंगाखेड येथील न्यायालयांच्या दारांत उपस्थित होणार आहेत, आणि तेथे उत्तर द्यावे लागणार आहे ते कच्च्या कैद्यास समोर उभा पाहणाऱ्या न्यायदंडाधिकाऱ्यास.